'ते मांजर' आणि 'ती मनी'

विषय : मुलांच्या चित्रपुस्तकांतील मांजरांची चित्रे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना चित्रकलेची गोडी कशी लावावी, या विषयावरचा एक लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. 'मांजर हा काढायला सर्वांत सोपा प्राणी. दोन गोल, दोन त्रिकोण आणि मिशांच्या सहा रेघा काढल्या की मांजर तयार' असे एक वाक्य त्यात होते आणि शेजारी तसे चित्रही छापलेले होते. लेख लहान मुलांसाठी होता, चित्रकारांसाठी नव्हता, याची मला कल्पना आहे. चार वर्षांच्या मुलाने दोन गोलांचे आणि दोन त्रिकोणांचे मांजर काढले, तर ते कौतुकाने भिंतीवर लावावे, त्यात मिशा मोजत बसू नये. अडचण पुढे आहे. हेच दोन गोल आणि दोन त्रिकोण आता मराठी चित्रपुस्तकांतही ठाण मांडून बसले आहेत आणि तिथे ती चित्रे मुलांनी नव्हे, मोठ्या माणसांनी मोबदला घेऊन काढलेली असतात. मी गेली २२ वर्षे नागपुरात राहून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. त्यांत मांजरे पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही फसलेलीही आहेत. त्या अनुभवावरून चार गोष्टी सविस्तर लिहाव्यात, असे वाटले. पत्र लांबले तर कात्री चालवण्याचा आपला अधिकार मला मान्य आहेच.

भाचीच्या मुलीला वाढदिवसाची भेट घ्यायची म्हणून अलीकडेच सीताबर्डीवर एका दुकानात पुस्तके चाळत होते. मांजराची जेवढी पुस्तके हाती आली, त्यांतल्या बहुतेकांत मांजर एकच होते : पांढरे शुभ्र, गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचे, गळ्यात गुलाबी फीत आणि ओठांवर माणसाचे हसू. एका पुस्तकात ते शेतकऱ्याच्या घरी होते, दुसऱ्यात राजवाड्यात, तिसऱ्यात जंगलात. चेहरा मात्र तिन्हीकडे तोच. (जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात आणि काही आठवड्यांनी त्यांचा रंग पालटतो. मोठेपणीही निळेच डोळे राहिलेल्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपणाचे प्रमाण बरेच असते. गोष्टीत मात्र याच मांजराला माळ्यावरच्या उंदराची खसफस पहिल्यांदा ऐकू येते!)

मराठी भाषेत एक सोय आहे, जिचा चित्रकारांनी फारसा विचार केलेला दिसत नाही. आपण 'ते मांजर' म्हणतो, तेव्हा ते कुठलेही मांजर असते. कुंपणावरून गेले, दूध सांडून पळाले, संपले. तेच मांजर चार दिवस घरात टिकले, की घरातले कोणी तरी त्याला मनी म्हणू लागते आणि त्या क्षणापासून 'ते' जाऊन 'ती' येते. बोका असेल तर 'तो' येतो. नपुंसकलिंग सुटले, की प्राण्याचे पात्र झाले असे खुशाल समजावे. बोलीत 'ती मांजर' असेही म्हणतात, पण मुद्दा तोच राहतो. चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला नेमके हेच काम रेषेने करायचे असते. पहिल्या पानावर 'ते मांजर' आले, तरी चौथ्या-पाचव्या पानापर्यंत 'ती मनी' व्हायला हवी. दुकानातल्या त्या पुस्तकांत मजकुराने मनी म्हटले होते, चित्र मात्र शेवटच्या पानापर्यंत 'ते मांजर'च राहिले होते.

मनी कशी होते, तर बघून होते. याला दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही. आपल्याकडे शालेय चित्रकलेच्या परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र असे वेगवेगळे पेपर असतात. तांब्या, फुलदाणी, पुस्तक या वस्तू समोर ठेवल्या, की तासभर हलत नाहीत. मांजर हे वस्तुचित्राच्या पेपरात मावत नाही. ते झोपले असले तरी, आपण कागदावर पाठीची रेघ ओढेपर्यंत कूस बदलते. म्हणून मी माझ्या वर्गात येणाऱ्या मुलांना सांगते, की मिनिटभर नुसते बघा, मग वही उघडा, त्याच्याकडे पाठ करा आणि आठवेल तेवढे काढा. पहिल्या दहा चित्रांत काही येत नाही. अकराव्या-बाराव्या चित्रात पाठीचा बाक अचानक बरोबर पडतो आणि तो कुठून आला, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आमच्या धरमपेठेतल्या घरामागच्या सांदवाडीत एक करडी, पट्ट्यापट्ट्यांची मांजर गेली काही वर्षे मुक्कामाला आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा ती दुपारी बारापासून चारपर्यंत कूलरखाली ठिबकणाऱ्या पाण्याच्या फरशीवर असते. पुढचे पाय एका टोकाला, मागचे दुसऱ्या टोकाला, पोट फरशीला टेकलेले, हनुवटीही टेकलेली. वरून पाहिले तर कोणी पायपुसणे वाळत घालायचे विसरून गेले आहे, असेच वाटावे. डिसेंबरअखेरीला, रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला, की हीच मांजर स्कूटरच्या सीटवर एवढी लहान होऊन बसते, की शेपटीचे टोक नाकावर येते आणि चारही पाय दिसेनासे होतात. म्हणजे एकाच मांजराची लांबी आमच्याकडे ऋतूप्रमाणे बदलते. मला हे फार उशिरा लक्षात आले, कारण मी ज्या परदेशी चित्रांवरून शिकले, त्यांत मांजर बहुतेक वेळा गोल वळकटी करून शेकोटीपुढे झोपलेले असे. ते थंड मुलुखातले मांजर होते. त्याची नक्कल करून मी एका पुस्तकात भर उन्हाळ्याच्या, आंबे पिकायला घातलेल्या दृश्यात मांजराला वळकटी करून झोपवले आहे. पुस्तक अजून बाजारात मिळते. मी ते कोणाला भेट देत नाही.

शरीररचनेच्या चुकांबद्दल फार लिहीत नाही, पण मागच्या पायांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. मांजर बोटांवर चालते. तिच्या मागच्या पायाला मध्येच मागे वळलेला जो सांधा दिसतो, त्याला पुष्कळ जण उलटा गुडघा समजतात. तो गुडघा नसून टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या केसांत दडलेला असतो. माझ्या वर्गात मी मुलांना चवड्यांवर उभे राहून खोलीभर चालायला लावते. टाच उचलली, की ती कुठे जाते, हे स्वतःच्या पायात कळते आणि मग मांजराचा मागचा पाय टेबलाच्या पायासारखा सरळसोट काढायचा मोह आपोआप सुटतो. तसेच खांद्याचे. मांजराच्या गळपट्टीचे हाड अगदी लहान असून खांद्याच्या हाडाशी सांध्याने जोडलेले नसते. त्यामुळे तिची छाती अरुंद राहते, दोन गजांच्या फटीतून ती सहज निघते आणि दबा धरून चालताना खांद्याची पाती पाठीच्या रेषेच्या वर उचलून येतात. ही दोन उंच टोके आणि त्यांच्यामध्ये खाली घातलेले डोके एवढे जमले, की खाली 'मनी दबकत दबकत निघाली' असे लिहायची गरजच पडत नाही. चालताना आधी मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा असे पाय पडतात आणि मागचा पंजा जवळजवळ पुढच्याच्या ठशात येतो. मांजराच्या पावलांनी येणे म्हणतात ते याच शिस्तीमुळे. पुढच्या पंजाला पाच बोटे आणि मागच्याला चार असतात, पण पुस्तकात ती मोजून दाखवावीत असे माझे मुळीच म्हणणे नाही. तीन गोलाईंनी भागते. मिशाही तीन-तीनच काढल्या तरी चालतील, मात्र त्या वरच्या ओठाच्या फुगीर गाद्यांतून निघाव्यात, गालांतून नाही. आपल्या पुरवणीतल्या चित्रात त्या कानांच्या जरा खालून निघाल्या होत्या.

आता डोळे. नागपूरला वाघांचे केवढे वेड आहे, ते सांगायला नको. उड्डाणपुलांच्या खांबांवर वाघ, भिंतींवर वाघ, हॉटेलांच्या पाट्यांवर वाघ. पेंच आणि ताडोबा जवळ असल्याने ते साहजिकही आहे. याचा एक परिणाम असा, की आमच्या मुलांना मांजर काढायला सांगितले, तर ती लहान आकाराचा वाघ काढतात. वाघाची मावशी म्हटल्यावर तोंडवळा मिळणारच, पण मावशीचे डोळे वेगळे आहेत. वाघाच्या डोळ्यातली बाहुली गोल असते. घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभ्या फटीसारखी होते आणि अंधारात फुगून जवळजवळ गोल होते. भीतीने, रागाने किंवा झडप घालायच्या बेतात असतानाही ती अशीच फुगते. म्हणजे चित्रकाराच्या हाती आयते दोन अर्थ येतात, वेळेचा आणि मनाचा. भर दुपारच्या अंगणात मनीची बाहुली रेघेएवढी बारीक असली, तर ती निवांत आहे. त्याच अंगणात ती टपोरी काळी झाली, तर काही तरी घडणार आहे आणि हे वाचता न येणाऱ्या मुलालाही कळते. सगळ्या पानांवर सारखेच टपोरे चमकदार डोळे काढणारा चित्रकार हे दोन्ही अर्थ हातचे घालवतो.

टपोऱ्या डोळ्यांमागे काही कारण आहे, हे कबूल करायला हवे. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये असे मांडले, की मोठे डोके, उंच कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या भागातले मोठे डोळे आणि भरलेले गाल दिसले, की मोठ्या माणसाच्या मनात जपण्याची ऊर्मी जागी होते. मांजराच्या पिल्लात ही सगळी लक्षणे आहेत. म्हणून पिल्लू काढताना डोळे चेहऱ्याच्या मधल्या रेषेखाली घेतले, की ते चटकन लाघवी दिसते. ही युक्ती मीही वापरते. पण गोष्टीतली आजी-मांजर, भांडकुदळ बोका आणि पिल्लू या तिघांनाही तोच चेहरा दिला, तर मुलाने त्यांना ओळखायचे कशावरून? बोक्याचे गाल रुंद आणि मान जाड असते, कानाचा एखादा तुकडा भांडणात गेलेला असतो. म्हाताऱ्या मांजरीच्या पाठीचे मणके वर येतात आणि पोट लोंबते. हे सगळे आपल्या गल्लीत फुकट पाहायला मिळते.

ओठांवरच्या हसूबद्दलही हेच म्हणावे लागेल. मांजराला हसवायचे तर तोंडाला हात लावायची गरज नाही. तिची शेपटी उभी सरळ असून टोकाला किंचित आकडा झाला, की ती ओळखीच्या माणसाला भेटायला येते आहे. कान मागे चपटे झाले, की प्रकरण बिघडले. दोन कान दोन दिशांना वळलेले असले, तर तिचे लक्ष दोन ठिकाणी आहे. असे चित्र काढून पाहावे, मुले हमखास दुसऱ्या कानाच्या दिशेला कोण आहे ते शोधू लागतात. डोळे सावकाश मिटले, तर विश्वास. शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशासारखे फुलले, तर भीती. एवढी मोठी बाराखडी हाताशी असताना आपण तिच्या तोंडावर माणसाचे हसू चिकटवतो आणि वर माणसाच्या भुवयाही काढतो. मांजराला टोपी-सदरा घालायला माझी हरकत नाही, हे मुद्दाम नमूद करते. मी स्वतः तिला धोतर नेसवलेले आहे. फक्त धोतराच्या आत पाय मांजराचे असावेत.

मांजराला पात्र करणे आपल्या परंपरेत बसत नाही, असेही एकदा ऐकायला मिळाले, म्हणून दोन उदाहरणे देते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटात एक मांजर मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पाय डोक्यावर उंच धरून तपश्चर्या करते आहे आणि त्याच्या पायाशी उंदीर जमले आहेत. ढोंगी तपस्व्याची ही गोष्ट त्या शिल्पकाराने शब्दावाचून सांगितली आहे. कोलकात्याच्या कालीघाट देवळाजवळ एकोणिसाव्या शतकात पटचित्रे विकणाऱ्या चित्रकारांचे तोंडात कोळंबी धरलेले मांजरही असेच, आणि काही चित्रांत तर त्याच्या कपाळावर गंध आहे. कुठल्याच मांजराला हसवलेले नाही. तरीही दोघेही ओळखू येतात, आपल्या शेजारीपाजारी राहत असावेत इतके.

माझ्या स्वतःच्या एका पुस्तकाची हकिकत सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी २४ पानांचे पुस्तक करत होते. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात, कवेलूच्या छपरावर मी ज्या काळ्या मांजरीची रेखाटने केली होती, तिलाच नायिका करायचे ठरवले. प्रकाशकांचा निरोप आला, की काळे मांजर आडवे गेलेले आई-वडिलांना चालत नाही, पुस्तक खपणार नाही, तेव्हा पांढरे करा. आडवे जाणाऱ्या मांजराला रंग विचारतो कोण, असे मनात आले. पण पहिलेच मोठे काम होते, म्हणून मी तडजोड सुचवली : मांजर काळीच राहील, फक्त पुढच्या डाव्या पंजाला पांढरा मोजा असेल. ती मान्य झाली आणि खरे तर त्यात माझाच फायदा झाला, कारण मोज्यामुळे ती हजारात ओळखू येऊ लागली.

काळे मांजर छापणे किती कठीण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. नुसती काळी शाई वापरली, तर मोठा काळा भाग धुतल्या पाटीसारखा राखट दिसतो. त्याला दाटपणा यावा म्हणून खाली निळ्या किंवा किरमिजी शाईचा थर दिला, तर काळ्यावरच्या पांढऱ्या मिशा बुजतात, कारण चारही रंगांच्या प्लेट केसभर जरी सरकल्या, तरी त्या बारीक पांढऱ्या रेघेत शाई शिरते किंवा कडेला रंगीत झालर येते. छापखान्यातल्या एका जुन्या कारागिराने मला सांगितले, की मिशा दुप्पट जाड काढा आणि अंग काळे न रंगवता गडद निळे-तपकिरी रंगवा, डोळ्याला ते काळेच दिसेल. मूळ चित्रात त्या मिशा दोरखंडासारख्या दिसत होत्या. छापल्यावर अगदी बरोबर बसल्या. चित्रकला महाविद्यालयात शिकवले जात नाही, ते असे छापखान्याच्या दारात शिकायला मिळते.

पुस्तक आल्यावर महापालिकेच्या एका शाळेत मी ते दुसरीच्या वर्गाला वाचून दाखवत होते. अकराव्या पानावर पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून पुस्तकाजवळ आली, तिने बोट ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, ही मनी नोहे. हिचा मोजा उलट्या पायात हाय." मी पाहिले, तर खरोखरच त्या पानावर मोजा उजव्या पंजात होता. घडले होते ते असे : मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून गोष्टीत पुढे निघालेले पात्र बहुधा उजवीकडे तोंड करून असते आणि घरी परतणारे डावीकडे. त्या पानावर मनी घरी परतत होती, म्हणून मी तिचे तोंड डावीकडे काढले होते. मजकुराला जागा होईना, म्हणून पानांची मांडणी करताना कोणी तरी संगणकावर चित्र आरशातल्यासारखे उलटे केले. चित्रात दुकानाची पाटी असती, तर अक्षरे उलटी दिसून कोणाच्या तरी लक्षात आले असते. मांजराचा मोजा कोण बघतो! अंतिम प्रूफ मला दाखवलेच गेले नाही, ही माझी तक्रार आहे. आणि मी ते हट्टाने मागितले नाही, ही माझी चूक आहे. वर्गात मात्र मोठी चर्चा झाली. काहींचे म्हणणे, की ही मनीची बहीण असेल. एकाला वाटले, की तिने मोजा बदलला असेल. त्या मुलीला यातले काहीच पटले नाही. महिन्याभराने मी पुन्हा गेले, तेव्हा शाळेच्या प्रतीत अकराव्या पानावरचा उजवा पंजा पेन्सिलीने गिरवून काळा केलेला होता आणि डाव्या पंजावर पांढरा खडू घासलेला होता.

हा प्रसंग सांगायचे कारण असे, की चित्रपुस्तकाचा वाचक चित्रे अशी वाचतो. मोठी माणसे मजकूर वाचतात आणि चित्राकडे ओझरते पाहतात. मुले मजकूर ऐकतात आणि तेवढा वेळ त्यांचे डोळे चित्रावर मोकळे असतात. त्यामुळे कुठल्याही पानावर पात्र बदलता कामा नये. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी पात्राचा एक तक्ता करतात : मनी समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, धावणारी, चिडलेली, शेजारी माणसाच्या गुडघ्याएवढी की पोटरीएवढी उंच, शेपटी किती लांब, कोणता पट्टा कुठे तुटतो. पट्ट्यांच्या मांजरीला हा तक्ता नसेल, तर तिसऱ्या पानावर शेपटीला पाच वळी येतात आणि नवव्या पानावर सात. तिरंगी मांजर असेल, तर ठिपक्यांचा नकाशाच करावा लागतो. आणि तिला गोष्टीत बोका म्हणू नये, कारण काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकाच मांजराच्या अंगावर यायला दोन एक्स गुणसूत्रे लागतात आणि ती सहसा मादीतच असतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. लेखकाने बोका लिहिला, तर चित्रकाराने त्याला फोन करून विचारावे. बहुतेक लेखक ऐकतात.

या सगळ्याला वेळ लागतो आणि गाडी तिथेच अडते. १६ पानांचा एक फर्मा भरेल एवढ्या चित्रांसाठी मला पंधरा दिवस दिले गेल्याचे प्रसंग आहेत. मजकूर आधीच दुसऱ्या चार भाषांतून फिरून आलेला, पुस्तक मेळ्याच्या आधी हवे, आणि 'मांजरच तर काढायचे आहे'. मग चित्रकार तयार चित्रांच्या साठ्यातून एखादे मांजर उचलतो, त्याचा रंग बदलतो आणि देऊन टाकतो. त्याला दोष देणे मला जमत नाही. घर त्यालाही चालवायचे असते. हल्ली तर चित्रकारही लागत नाही, संगणकाला सांगितले की तो क्षणात मांजर काढून देतो. तशा एका पुस्तकात मी मनीची शेपटी उशीच्या मागे जाताना पाहिली. ती उशीच्या पलीकडून बाहेर आलीच नाही, वर पुढच्या पानावर मनीच निराळी होती. ज्या मुलीला मोजा दिसला, तिला हेही दिसेल.

प्रकाशकांना माझी विनंती एवढीच आहे, की मांजराच्या पुस्तकाच्या करारात रेखाटनांसाठी महिनाभराचा वेळ आणि त्याचा वेगळा मोबदला धरावा, चित्रकाराला विचारल्याशिवाय चित्र उलटे करू नये आणि शेवटचे प्रूफ त्याच्या सहीशिवाय छपाईला जाऊ नये. पालकांना विनंती, की दुकानात पुस्तक घेताना तिसरे पान आणि शेवटचे पान शेजारी धरून तेच मांजर आहे का, हे मुलालाच विचारावे. त्याला काय उत्तर येते, त्यावरून पुस्तक घ्यायचे की नाही ते ठरते. आणि आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती. पुरवणीतल्या गोष्टीखाली लेखकाचे नाव असते, मथळ्याशेजारी सदर लिहिणाऱ्याचे छायाचित्रही असते. चित्र कोणी काढले, हे मात्र कुठेच नसते. दोन गोल आणि दोन त्रिकोणांचे ते मांजर ज्यांनी काढले, त्यांचेही नाव छापायला हवे होते. मी त्यांना थेट पत्र लिहून सांदवाडीतली आमची करडी मांजर बघायला बोलावले असते. दुपारी बारा ते चार ती कूलरखाली असतेच.

कळावे,

आपली,
मुलांच्या पुस्तकांची एक चित्रकार,
धरमपेठ, नागपूर